उजेडात नेऊन बघा

साडीवर ब्लाऊजपीस घ्यायला मॅचिंग सेंटरमध्ये गेलेली बाई काउंटरवर कधी निर्णय घेत नाही. दुकानदारानं पाच-सात ठाणं उलगडलेली असतात, ट्यूबलाइटखाली त्यातलं एक साडीच्या काठात विरघळून गेल्यासारखं दिसत असतं, तरी ती दोन्ही उचलते, दुकानाच्या पायरीवर येते आणि रस्त्यावरच्या उजेडात धरून बघते. मग आत येऊन म्हणते, "नाही हो, हा जरा निळ्यावर जातोय." लहानपणी आईबरोबर अशा दुकानांत ताटकळताना मला वाटायचं, ही माणसं उगाच घोळ घालतात. रेल्वेचे दोन चिमुकले डबे रंगवून बसलो तेव्हा कुठे आईचं म्हणणं पटलं.

डबे एचओ मापाचे होते. या मापात खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा हिस्सा करतात. आपला आयसीएफचा एकवीस मीटरांहून थोडा लांब डबा त्यात साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो, शाळेतल्या फूटपट्टीहून आखूड. भारतीय डबे या मापात सहज मिळत नाहीत. म्हणून आपल्याकडचे हौशी लोक युरोपातल्या कंपन्यांचे जुने डबे मिळवतात, त्यांचा रंग उतरवतात आणि आपला चढवतात. यात अगदीच लबाडी आहे असं नाही. पेरांबूरच्या ज्या आयसीएफ कारखान्यात १९५५पासून आपले डबे बनू लागले, तिथल्या डब्याचा मूळ आराखडा स्वित्झर्लंडच्या श्लीरेन गावातल्या कंपनीचा होता. तेव्हा लांबचं का होईना, नातं आहे.

मला हवा होता जुन्या पॅसेंजर गाडीचा मरून रंग. पहिला डबा तयार बाटलीतल्या रंगानं झाला आणि बाटली संपली. दुसऱ्यासाठी मी घरीच लाल, जांभळा आणि थोडा हिरवा मिसळून रंग घोटला. रात्रीचे अकरा वाजले होते, टेबलावर पिवळा बल्ब होता, आणि दोन्ही डबे शेजारी ठेवले तर जुळे भाऊ. सकाळी गॅलरीत नेले तर एक विटकरी आणि दुसरा पिकल्या जांभळासारखा.

या प्रकाराला रंगशास्त्रात मेटामेरिझम म्हणतात. नाव अवघड आहे, पण गोष्ट वाण्याच्या यादीसारखी आहे. एका यादीत तांदूळ, डाळ, गूळ. दुसरीत गहू, तेल, साखर. दोन्हींची बेरीज योगायोगानं सारखीच आली. उद्या तेलाचा भाव चढला की बेरजा वेगळ्या होतात, कारण मुळात माल वेगळा होता. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशात कुठली तरंगलांबी किती, हा सगळा तपशील त्या तीन बेरजांमध्ये गुंडाळून टाकतात. उजेड म्हणजे भावफलक. बल्बच्या उजेडात तांबड्याचा भाव चढलेला आणि निळ्याचा पडलेला असतो, म्हणून माझ्या दुसऱ्या डब्यातलं जांभळं रात्री बेरजेत आलंच नाही. सकाळी आलं.

यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे. दोन्ही याद्यांत माल एकच ठेवायचा. मूळ रंगात लोहाचा, म्हणजे गेरूच्या जातीचा लाल असेल तर जुळवणीतही तोच आधाराला घ्यायचा आणि बाकीच्या रंगांची गर्दी कमी करायची. पाच रंग मिसळून जुळवलेला रंग एका उजेडात कितीही हुबेहूब दिसला तरी माझा त्यावर आता विश्वास नाही. रंगाच्या कारखान्यांत यासाठी वेगवेगळ्या दिव्यांची पेटी असते. त्यातला दिवसाचा प्रमाण उजेड साधारण ६५०० केल्विनचा धरतात. घरी उत्तरेकडची खिडकी पुरते. तिच्यात थेट ऊन येत नाही. मात्र समोरच्या इमारतीची भिंत गुलाबी असेल तर तीही तुमच्या रंगात हात घालते, हे ध्यानात असू द्यावं.

तयार बाटलीवर नाव असतं, मग एवढी यातायात का? कारण नाव हा रंग नव्हे. रेल्वेच्या रंगांमधलं सगळ्यात मानाचं नाव घ्या: क्रिमझन लेक. इंग्लंडच्या मिडलंड रेल्वेचे डबे या गडद लाल रंगाचे होते, १८८३च्या सुमारास तिनं इंजिनंही हिरव्याची लाल करायला घेतली, आणि १९२३मध्ये ती रेल्वे लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश या मोठ्या कंपनीत विलीन झाली तेव्हा नव्या कंपनीनं हाच रंग पुढे चालवला. आता या नावाची फोड पाहा. 'क्रिमझन' आणि आपला 'किरमिजी' हे एकाच 'किर्मिज' शब्दाचे वंशज. किर्मिज म्हणजे ओकच्या झाडावरचा, लाल रंग देणारा किडा. आणि 'लेक' म्हणजे तळं नव्हे, ती आपली लाख! पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे बसतात, त्यांच्यापासून राळ मिळते आणि लाल रंगही, ज्याचा आळता व्हायचा. लाखेवरून युरोपात आधी 'लॅक' आणि पुढे 'लेक' हा शब्द सगळ्याच अशा रंगांना लागला. इंग्लंडमधल्या आगगाडीच्या अंगावर किरमिजी लाख होती म्हटलं तर व्युत्पत्तीच्या अंगानं ते चूक नाही.

पण लेक ही नुसती शब्दाची गंमत नाही, जुळवणाऱ्याची डोकेदुखी तिथेच आहे. पाण्यात विरघळणारा रंग तुरटीसारख्या क्षारानं पांढऱ्या भुकटीवर बसवला की लेक तयार होतो. हा रंग पारदर्शक असतो. उजेड त्याच्यातून आत जातो, खालच्या थरावर आपटतो आणि परत येतो. म्हणजे दिसणारा लाल हा वरच्या थराचा अर्धा आणि खालच्या अस्तराचा अर्धा. अस्तर तपकिरी असेल तर लाल भारदस्त होतो, गुलाबीसर असेल तर उजळतो. त्यावर वार्निशाचे हात, आणि वार्निश वयाबरोबर पिवळं पडणार. अशा रंगाचा 'खरा क्रमांक' कोणता सांगणार? नव्या डब्याचा, पाच वर्षं धावलेल्याचा, की संग्रहालयात नव्यानं रंगवलेल्याचा?

क्रमांक देण्याचा खटाटोप झालाच. १९३०मध्ये ब्रिटिश प्रमाणसंस्थेनं रंगांचा तक्ता काढला, तो पुढे बीएस ३८१सी म्हणून रूढ झाला. आपल्या आयएस ५ या भारतीय मानकावर त्याची छाप स्पष्ट आहे. दोन्हीकडे ५३७ म्हणजे सिग्नल रेड. जर्मनीत आरएएलचा तक्ता १९२७मध्ये चाळीस रंगांनी सुरू झाला. ब्रिटिश रेल्वेनं १९६०च्या दशकात सगळा पोशाख बदलला तेव्हा तिचा निळा थेट या ब्रिटिश तक्त्यातल्या ११४ क्रमांकाचा होता, त्यामुळे त्या काळाची गाडी करणारा हौशी माणूस तुलनेनं सुखी. त्याआधीची पिढी मजेदार. १९४९मध्ये राष्ट्रीयीकृत रेल्वेनं डब्यांना खाली-वर किरमिजी आणि मध्ये साय-पिवळा रंग दिला. लोकांनी त्याला 'ब्लड अँड कस्टर्ड' म्हटलं. १९५६मध्ये तो जाऊन मरून आला. जुन्या मॉडेलांच्या बाजारात हे किरमिजी, ते मरून आणि मिडलंडचं क्रिमझन लेक एकाच खोक्यात पडलेले असतात, आणि विकणारा तिघांनाही 'रेड' म्हणतो.

बरं, क्रमांक मिळाला, बाटली मिळाली, डब्यावर लावली. तरी तो डबा भलताच काळपट दिसतो. इथे हौशी मंडळींमध्ये एक जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, मॉडेल आपण हात-दोन हातांवरून बघतो. साठ सेंटिमीटरवरून बघितलेला एचओ डबा म्हणजे खरा डबा बावन्न मीटरांवरून बघणं. एवढ्या अंतरात मधली हवा रंग फिका करते, तेव्हा मॉडेलच्या रंगात थोडा पांढरा घाला. रंग उजळवायचा हा निष्कर्ष बरोबर आहे, पण त्यामागचं कारण मला पटत नाही. बावन्न मीटर म्हणजे रस्त्याच्या पलीकडची चौथी इमारत. एवढ्यात सह्याद्री निळा दिसत नाही आणि डबाही फिका पडत नाही. खरा फरक उजेडाचा आहे. भर उन्हात एक लाख लक्स प्रकाश असतो, घरातल्या दिव्याखाली शे-दोनशे-तीनशे. प्रकाश वाढला की तोच रंग डोळ्याला जास्त रसरशीत वाटतो. रंगशास्त्रात याला हंट परिणाम म्हणतात. उन्हात पाहिलेला डबा आपण कपाटाच्या सावलीत शोधत असतो. म्हणून उजळवायचं, पण पांढऱ्यानं नव्हे. मरूनमध्ये पांढरा घातला की तो खडूसारखा गुलाबट होतो. नारिंगी किंवा फिका तपकिरी थेंबाथेंबानं घालावा. पिवळ्या किंवा साय-रंगाला काळ्यानं मंद करायला जाऊ नये, तो हिरवट होतो आणि डब्याला शेवाळ धरल्यासारखं दिसतं.

चकाकीही फसवते. तोच रंग चकचकीत असला की गडद आणि मॅट झाला की फिका दिसतो, कारण खरखरीत पृष्ठभाग येणारा पांढरा उजेड सगळीकडे उधळतो आणि तो रंगात मिसळतो. ओली फरशी कोरडीपेक्षा गडद का, त्याचं उत्तर हेच. त्यामुळे जुन्या डब्याशी नवा रंग ताडून पाहताना दोन्हींवर शेवटचं वार्निश एकच हवं. मी कित्येकदा रंग बदलत बसलो आणि खरं म्हणजे बदलायला हवं होतं वार्निश.

आणि शेजार. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. तिथला काळा धागा फिका पडतो अशी तक्रार आली. त्यानं तपासलं, धाग्यात खोट नव्हती, शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याचा जोर काढून घेत होते. १८३९मध्ये त्यानं यावर मोठा ग्रंथच लिहिला. डब्यावर किरमिजीच्या मध्ये लावलेला साय-रंग किंचित हिरवट वाटतो तो याच कारणानं. तो कार्डाच्या तुकड्यावर जुळवला असेल तर डब्यावर जुळणार नाही. ताडून बघण्यासाठी राखाडी कार्डाला एकच भोक पाडावं आणि जुना-नवा रंग एकमेकांना चिकटून त्या भोकातून दिसतील असं धरावं. सांधा दिसेनासा झाला की जुळलं.

आता मला ज्या प्रश्नानं सगळ्यात जास्त छळलं त्याकडे येतो. ज्या डब्याचा तुकडा हाताशी नाही, त्याचं काय? डेक्कन क्वीन १ जून १९३०ला सुरू झाली तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक होते. चासी इंग्लंडहून आलेल्या, वरचे सांगाडे जीआयपी रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात बांधलेले. एक रेक रुपेरी, उठावाच्या पट्ट्या स्कार्लेट लाल. दुसरा रॉयल ब्लू, त्यावर सोनेरी रेघा. ही नोंद पक्की आहे आणि एचओ मापात ही गाडी करावी असं कुणालाही वाटेल. पण रॉयल ब्लू म्हणजे किती निळा? शाईचा, मोरपिसाचा, की पैठणीच्या पदराचा?

जुने कृष्णधवल फोटो इथे मदत करायचं सोडून दिशाभूल करतात. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म सर्रास वापरात होती. तिला निळं आणि हिरवं दिसे, लाल दिसत नसे. अशा फिल्मवर लाल पट्टी काळी उमटते आणि निळा डबा फिकट. म्हणजे फोटोत गडद पट्ट्यांचा फिका डबा दिसला तर तो रुपेरी रेकचा असू शकेल. पण निळ्या रेकचा फोटो पाहून 'अरे, हा तर आकाशी होता' असं म्हणणारा फसला. फिल्म कोणती हे कळल्याशिवाय राखाडी छटेवरून रंगाचा गडदपणा काढू नये. एक युक्ती आहे: फोटोत ज्या वस्तूचा रंग ठाऊक आहे ती शोधायची, लाल निशाण, पानं, आकाश. निशाण काळं आणि आकाश कोरं पांढरं असेल तर समजावं, फिल्म लालाला आंधळी आहे.

रंगीत फोटो तरी? घरातला लग्नाचा जुना अल्बम उघडा. सगळे वऱ्हाडी तांबूस झालेले असतात, कारण जुन्या रंगीत छपाईत निळसर-हिरवा थर बहुधा आधी विरतो आणि तांबडेपणा मागे राहतो. १९७०-८०च्या फोटोतला मरून डबा असाच फसवा लाल झालेला असतो. मोबाइलनं काढलेला फोटो तर त्याहून बेभरवशाचा. फोन स्वतःच्या मनानं उजेड 'सुधारतो' आणि आपल्याला विचारतही नाही.

माणसांची आठवण? त्या काळी रोज प्रवास केलेल्या तिघांना विचारून पाहा. एक लाल म्हणेल, एक चॉकलेटी, एक विटकरी, आणि तिघंही शपथेवर. आठवणीतला रंग खऱ्यापेक्षा जास्त गडद-रसरशीत होत जातो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. त्यात वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली माणसं पट्टी निघाल्यावर म्हणतात, हे सगळं इतकं निळं कसं? शिवाय लाल-हिरव्यातला फरक नीट न कळण्याचा दोष पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, आणि या छंदात पुरुषांचाच भरणा. माझ्या घरी शेवटचा शब्द बायकोचा असतो तो केवळ सौजन्य म्हणून नव्हे.

तर निळ्या रेकचं काम अंदाजानं, पण सांगून करावं. त्याला इलाज नाही. मरूनचं तसं नाही. तो रंग डोळ्यांसमोर होता, १९९०च्या दशकात एअर ब्रेकचे डबे निळ्या रंगात येऊ लागले आणि व्हॅक्यूम ब्रेकच्या डब्यांबरोबर मरून मागे हटत गेला. प्रत्यक्ष काम करताना मी आता असं करतो. जुना रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं उतरवतो, आधी छताच्या आतल्या बाजूला लावून बघून, कारण एखादं प्लास्टिक रुसतं. ब्रेक ऑइलनं रंग झटकन सुटतो असं सांगणारे भेटतात. त्यांच्याकडे तडकलेले डबेही असतात. अस्तर सगळ्या रेकला एकच, फिकट राखाडी. रंग घोटताना आधी उजळ, मग त्यात गडद, ड्रॉपरनं थेंब मोजून आणि वहीत लिहून. ओला अॅक्रिलिक दुधाळ दिसतो आणि वाळला की गडद होतो, म्हणून बशीतल्या रंगावर निकाल देत नाही. त्याच प्लास्टिकच्या पट्टीवर, त्याच अस्तरावर, तेवढेच हात देऊन, रात्रभर ठेवतो आणि सकाळी खिडकीत नेतो. दोन रंगांचा डबा असेल तर फिका आधी, मास्किंग टेप लावून गडद नंतर. टेपच्या कडेवरून आधी फिक्याचाच एक पातळ हात फिरवला की गडद रंग खाली झिरपत नाही.

आणि सगळा रेक एकाच घाण्यात. चकल्यांचा पहिला घाणा आणि तिसरा घाणा कधी एका रंगाचा झालाय का? तसंच हे. लागेल त्याच्या दीडपट रंग घोटून घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवतो. दुरुस्तीला तोच लागतो. वहीतले थेंब मोजून पुन्हा केलेला रंग नेहमी जवळपास येतो आणि नेहमी थोडा चुकतो.

जांभळ्या डब्याचा रंग मी उतरवला आणि लोहाच्या लालावर बेतून नवा घोटला. या वेळी रात्रीही जुळला आणि सकाळीही. फक्त तो पहिल्यापेक्षा केसभर ताजा, किंचित लालसर दिसत होता. आणखी एक हात देऊन मोडून काढावा म्हणून ब्रश घेतला होता, तेवढ्यात कल्याणच्या पुलावरून पाहिलेल्या गाड्या आठवल्या. खऱ्या गाडीचा प्रत्येक डबा ठरावीक मुदतीनं वर्कशॉपला जातो, तिथे त्याचं पीओएच होतं, म्हणजे सगळं उघडून दुरुस्ती आणि रंगरंगोटी. सगळे डबे एकाच दिवशी जात नाहीत. त्यामुळे बारा डब्यांच्या गाडीत एखादा नुकताच रंगून आलेला, दोन उन्हानं विटलेले, एखादा ब्रेकच्या लोखंडी भुग्यानं कमरेपर्यंत तपकिरी झालेला, आणि ज्याच्या खिडक्यांखाली पावसाचे ओघळ नाहीत असा बहुधा एकही नाही. एकसारखा मरून लावलेली गाडी फक्त दुकानाच्या काचेत असते.

ब्रश ठेवला. सगळ्यात बारीक पेन काढलं, भिंग लावलं, आणि त्या डब्याच्या टोकाच्या भिंतीवर पांढऱ्यानं पीओएचची तारीख आणि माटुंगा वर्कशॉपचं नाव लिहिलं. भिंगाशिवाय ते वाचता येत नाही.